सेमीसीचं तिरकं अक्षर

दचकू नका, बोलतोय तो मी. एखादं सुटं अक्षर नव्हे, अक्षरांचं अख्खं बिऱ्हाड. संगणकवाले मला फॉन्ट म्हणतात. अंगाने मी जाड, टोकांनी गोल, आणि उभा राहतो तो उजवीकडे कलून. डोक्याला तुरे नाहीत, पायाशी शेपट्या नाहीत. माझं नाव वाका. आमच्या टोंगन भाषेत वाका म्हणजे होडी.

मला पाहिलं की लोकांना बरं वाटतं म्हणे. कुठेतरी गंमत चाललीय, आइस्क्रीम मिळणार आहे, असं वाटतं. असेल. मला स्वतःला फारसं काही वाटत नाही. पूर्वी वाटायचं की काय, तेही आता नीट आठवत नाही. एक बधिरपणा आलाय, तो कसा आला ते सांगतो.

माझा जन्म वावाउ बेटावर, नेइआफूच्या बंदरात, एका होडीच्या कुशीवर झाला. जन्म देणारा सेमीसी. तरुणपणी गावाच्या संघातून रग्बी खेळताना त्याचा उजवा खांदा निखळला. गावातल्या मालिशवाल्या म्हातारीने तो चोळूनमोळून बसवला, पण जरा भलतीकडेच बसवला. तेव्हापासून सेमीसीने ब्रश वरून सरळ खाली ओढायचा म्हटलं तरी हात पोटाकडे वळायचा. माझं कलणं ते एवढंच. पुढे शहाण्यासुरत्या लोकांनी त्यात वेग पाहिला, वारा पाहिला, भविष्यकाळसुद्धा पाहिला. होता तो दुखरा खांदा.

गोल टोकांचंही तसंच. समुद्राचं मीठ रंगाला आधी कोपऱ्यात धरतं आणि तिथून पापुद्रा सोडवत जातं. सेमीसी म्हणायचा, “कोपराच ठेवला नाही तर मीठ खाणार काय?” नवा ब्रश हाती आला की तो आधी दगडावर घासून बोथट करून घ्यायचा.

जाडपणा मात्र बहिणीसाठी आला. सेमीसीला थोरली बहीण होती, वाइमोआना. तिचा नवरा मासेमारीला जायचा आणि ही धक्क्यावर उभी राहून, येणारी होडी आपलीच का, हे डोळे बारीक करून बघत बसायची. त्या होडीवर सेमीसीने जे जाडजूड नाव लिहिलं, तोच मी.

आमच्याकडे वयात आलेल्या भावाबहिणीने एकमेकांची थट्टा करायची नाही, एका छपराखाली ऐसपैस बसायचं नाही. भाऊ बहिणीपुढे गप्प आणि बहीण भावापुढे जपून, असा रिवाज. त्यामुळे रंग वाळल्यावर वाइमोआना आली, भावाकडे पाठ करून होडीपुढे उभी राहिली आणि होडीलाच म्हणाली, “काय गं बाई, कलंडतेस का काय? ज्याने रंगवलं त्याला सांग, नाव दारू पिऊन चालल्यासारखं दिसतंय. पण दिसतंय लांबून, हेही सांग.”

सेमीसी ब्रश धुता धुता होडीलाच म्हणाला, “सांग तिला, लांबून दिसतंय ना, मग दारूचं तेवढं पोटात घाल.”

होडी बिचारी काय बोलणार. पण त्या दोघांची वर्षानुवर्षं बोलणी झाली ती अशीच, कधी होडीशी, कधी कुत्र्याशी, कधी चुलीवरच्या पातेल्याशी.

त्यानंतर सगळ्या बेटाला सेमीसीचं अक्षर हवंसं झालं. होड्या झाल्या, चिनी वाण्याचं दुकान झालं, देवमासे दाखवायला नेणाऱ्या कंपनीची पाटी झाली, शाळेच्या क्रीडांगणाची भिंत झाली. कुणीतरी माझ्याकडून “डुकरं बांधून ठेवा, नाहीतर आम्ही खाऊ” असंही लिहून घेतलं. डुकरांना वाचता येत नाही आणि त्यांच्या मालकांना ऐकू येत नाही, त्यामुळे फरक काही पडला नाही. मेलेल्यांची नावंही लिहिली. दफनाच्या दिवशी घरावर जो फलक लावतात तो सेमीसीकडूनच जायचा. मी तिथेही तसाच, गोल आणि कललेला, हसऱ्या तोंडाचा. मला दुसरं तोंड नाही.

सेमीसीला एकच मुलगी, पिसिला. तिची आई लवकर गेली. पिसिला बापाच्या पंक्तीला बसत नसे, त्याच्या ताटातलं खात नसे, त्याच्या डोक्याला कधी हात लावत नसे. बाप म्हटला की एवढं अंतर ठेवायचंच. पण त्याच्या अक्षराला हात लावायला कुणाची बंदी नव्हती. ती ऑकलंडला जाऊन छपाईचं शिकली, परत येऊन नेइआफूच्या छापखान्यात लागली आणि सुट्टीच्या दिवशी बंदरभर फिरून मला गोळा करू लागली. होड्यांचे, पाट्यांचे, भिंतींचे फोटो काढले आणि संगणकावर एकेक अक्षर गिरवलं.

पहिल्यांदा बापाला दाखवलं तेव्हा तो पडद्यासमोर बराच वेळ वाकून बसला.

“हा कोण?”

“तुम्हीच, बाबा.”

“माझ्या ‘ए’चं पोट एवढं सुटलंय?”

“मी कमी केलंय. होडीवर याहून मोठं आहे.”

“राहू दे, राहू दे. पोट असलेलाच बरा. लोकांना वाटतं घरी जेवायला मिळतं.”

आमच्या भाषेला अक्षरं थोडीच लागतात. पण बाहेरच्या जगात जायचं तर ‘क्यू’ लागतो, ‘एक्स’ लागतो, ‘झेड’ लागतो. ती पिसिलाने स्वतः रेखली, बापाच्या वळणावर वळण ठेवून. सेमीसी म्हणाला, “परक्यांना घरात घेतलंस खरं. आता त्यांना खायला काय घालणार?” पण जाताना ‘क्यू’च्या शेपटीवर बोट ठेवून म्हणाला, “हिला जरा आखूड कर. पायात येईल कुणाच्या तरी.”

तर माझं हे बिऱ्हाड असं आहे, अर्धं बापाच्या हातचं, अर्धं लेकीच्या. कोण कुठलं ते आता मलाही ओळखू येत नाही.

पिसिलाने मला इंटरनेटवर सोडून दिलं, ज्याला हवं त्याने घ्यावं म्हणून. मग काय, मी जग पाहिलं. ब्रिस्बेनच्या आइस्क्रीमच्या गाडीवर चढलो. पोहण्याच्या शिकवणीवर, कुत्री आंघोळीला नेणाऱ्या व्हॅनवर, कोंबडीच्या तळलेल्या तंगड्यांवर, बाळांच्या लंगोटांवर. लंगोटांचं पाकीट पिसिलाने बापाला आणून दाखवलं, तेव्हा तो इतका हसला की खांदा धरून बसला. “गंगेत घोडं न्हालं,” असा काहीसा त्याचा चेहरा झाला.

माणसांची एक खोड मात्र माझ्या लक्षात आली. जिथे दुखणार असतं तिथे मला पुढे करतात. मुलांच्या दाताचा दवाखाना, सुया टोचायची खोली, रक्त काढायची खिडकी. दारावर मी असतो, आणि पोरं मला बघून हसत आत जातात. बाहेर येतात तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत.

एका रविवारी चर्चहून येऊन, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणि रताळं जेवून सेमीसी आंब्याखाली चटईवर आडवा झाला. चहाच्या वेळी पिसिला हाक मारायला गेली तर तो उठला नाही.

ती ओरडली नाही. तिने काकाला, तानिएलाला हाक मारली. मग शेजारणी आल्या आणि त्यांनी जो गळा काढायचा तो काढला. आमच्याकडे मयताला मोठ्याने रडतात, गावाला ऐकू जाईल असं. रडणं हे कामच असतं, आणि ते नीट व्हावं लागतं. पिसिलाच्या डोळ्यांत टिपूस नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तिने बापाचे पाय सरळ केले, उठली आणि घराच्या मागे चूल पेटवायला गेली.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाऊन तिने कापडी फलक छापला. मधोमध सेमीसीचा चर्चच्या कोटातला फोटो, वर त्याचं नाव, खाली जन्म आणि मृत्यू. सगळं माझ्यात. तिच्या डोक्यात बहुधा तेवढी एकच गोष्ट शिल्लक होती, की बाबांचं नाव बाबांच्या अक्षरात गेलं पाहिजे. बाकी सगळं तिला ऐकू येत होतं, पण पोचत नव्हतं.

मशीनमधून मी सरकत सरकत बाहेर आलो. सेमीसीचं नाव लिहायची माझी ती पहिली वेळ. त्याने बेटभर इतकी नावं लिहिली, पण स्वतःचं कुठे लिहिलं नव्हतं, साध्या पाटीच्या कोपऱ्यातसुद्धा नाही.

इथेच ती चुकली. फलक छापण्यात नव्हे, तो लावण्यात.

मराठीत म्हणतात ना, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. आमच्याकडे आत्याला मिशांची गरजच पडत नाही, काकाच तिच्यापुढे मान खाली घालून बसतो. बापाची बहीण ही घरातली सगळ्यांत मोठी. दफनात प्रेताच्या उशाशी ती बसते, कुणी काय करायचं ते ती ठरवते, आलेल्या चटया आणि झाडाच्या सालीची कापडं आधी तिच्यापुढे ठेवली जातात. आणि मेलेल्याची पोरं सगळ्यांत खालची. कमरेला मोठी फाटकी चटई गुंडाळायची आणि घरामागच्या चुलीच्या धुरात राबायचं.

वाइमोआना तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी राजधानीला, नुकुआलोफाला गेली होती. निरोप मिळताच ती बोटीत बसली, पण बोट पोचायला वेळ होता.

तानिएला म्हणाला, “पिसिला, आत्या येऊ दे. मग लावू.”

“एवढ्याशा कापडाला काय विचारायचं, काका?”

“एवढंसं असो की तेवढंसं. उशाशी लागणार आहे ना ते?”

“लोक यायला लागलेत. भिंत मोकळी दिसतेय.”

तानिएलाने डोकं खाजवलं. त्याला ना पोरीला अडवता आलं, ना शिडी धरता आली. तो डुकरं हाकलायला निघून गेला. पिसिलाने शेजाऱ्यांकडून फलक बांधून घेतला, बरोबर उशाच्या वर.

दुपारी वाइमोआना आली. नखशिखान्त काळं नेसलेली, कमरेला बारीक विणीची नीटस चटई. ती आत शिरली आणि भावाच्या डोक्याशी बसली. जन्मभर जिच्यापासून तो अंतर राखून राहिला, ती पहिल्यांदा त्याच्या इतक्या जवळ बसली होती. तिने त्याच्या कपाळाला नाक लावलं आणि रडायला सुरुवात केली. तिचं रडणं मी वरून ऐकलं. त्या वेळीही मी हसऱ्या तोंडाने भिंतीवर कललेला होतो.

रडून झाल्यावर तिने मान वर केली.

“हे कुणी लावलं?”

सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. गाणाऱ्यांनी भजन मध्येच सोडलं. शेवटी तानिएला म्हणाला, “पोरीनं लावलंय, ताई. अजाणतेपणी झालं.”

“तिशीची बाई अजाण कधीपासून झाली? काढा ते.”

दोघं तरुण शिडीवर चढले आणि दोऱ्या सोडल्या. पिसिला मागच्या दारात उभी होती, हातात रताळ्यांची टोपली. सगळं गाव बघत होतं. माझी गुंडाळी झाली आणि अंधार झाला.

संध्याकाळी ऑकलंडच्या नातेवाइकांनी आणलेला फलक तिथे लागला, सोनेरी वेलबुट्टीच्या अक्षरांचा. पिसिलाने एका शब्दाने काही विचारलं नाही. दफन झालं, वाळूचा ढीग झाला, त्यावर कापडी फुलं आणि रजई चढली. आत्याच्या वाट्याच्या चटयांबरोबर माझी गुंडाळीही तिच्या घरी गेली. तिने ती कधी उघडली का, मला ठाऊक नाही. गुंडाळीतून काही दिसत नाही.

पुढचं मी पाहिलं ते एका छत्रीवरून. देवमासेवाल्या कंपनीने फुकट वाटलेली छत्री आत्याच्या घरी होती, आणि तिच्या कडेने मी गोल गोल छापलेला होतो, “या, देवमाशांबरोबर पोहा!” म्हणून.

दहाव्याला केस कापायचा विधी असतो. कापते ती आत्याच. पिसिला जमिनीवर पाठमोरी बसली, आत्या खुर्चीवर. छत्री खुर्चीला टेकवलेली. कात्री चालू झाली.

“रागावलीस?”

“नाही, आत्या.”

“रडलीही नाहीस म्हणे.”

“येत नाही.”

“हं.” कात्री वेणीच्या मुळाशी आली. “फलक का काढला, विचार.”

“तुम्हाला विचारायचं नसतं.”

“मग न विचारता ऐक. साऱ्या बेटाची नावं त्याने लिहिली. बारशांची लिहिली, मयतांची लिहिली. माझ्या नवऱ्याचं त्यानेच लिहिलं. आता स्वतःचं मरणही त्याच्याच हाताने लिहवून घेणार होतीस? मयताच्या घरी मेलेल्याला कामाला लावतात का गं कुठे?”

पिसिलाने मांडीवर पडलेले केस गोळा केले.

“राबायचं ते आपण. चूल आपण पेटवायची, खड्डा आपण खणायचा, नाव आपण लिहायचं. त्याने का? आत आले, वर बघितलं, आणि मला वाटलं, अजून उठून बसलाय हा. ब्रश घेऊन. माझा भाऊ गं तो. एक दिवस बसला नाही कधी. आता तरी पडू दे की त्याला.”

कापलेली वेणी तिने मांडीवर घेतली.

“थडग्यावर सिमेंटचा चौथरा झाला की त्याचं नाव तू लिही.”

“मी संगणकावर करते, आत्या. ब्रश मला येत नाही.”

“चांगलं काढ असं कोण म्हणतंय? तुझ्या हाताने काढ म्हणतेय.”

चौथरा वाळला तेव्हा दोघी दफनभूमीत गेल्या. ऊन होतं. आत्या उपड्या बादलीवर बसली आणि तिने छत्री पिसिलाच्या डोक्यावर धरली, म्हणजे मला. खाली पिसिला गुडघ्यांवर बसून काळ्या रंगात ब्रश बुडवत होती. मी वरून बघत होतो आणि मला वाटत होतं, कलेल, आता कलेल हात. इतकी वर्षं तिने मला गिरवलं होतं. एकेका वळणाचं माप तिला पाठ होतं.

हात कलला नाही. तिने अक्षरं काढली ती सरळ, बारीक, कोपरे असलेली. पहिला ‘एस’ फसला, तो तिने रॉकेलच्या फडक्याने पुसला. दुसराही फसला. तिसरा तिने तसाच ठेवला. मीठ या कोपऱ्यांना एका पावसाळ्यात खाईल हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. पुन्हा येऊन लिहावं लागेल, दरवर्षी लिहावं लागेल.

शेवटचा ‘आय’ झाला, त्याच्यावरचं टिंब उरलं. ब्रश टेकवायला ती वाकली आणि तिथेच रडायला लागली. मोठ्याने, सबंध गावाला ऐकू जाईल असं, जसं रडायला हवं तसं. आत्याने तिला जवळ घेतलं नाही, उगी म्हटलं नाही. तिने फक्त छत्री हलू दिली नाही.

मी त्या छत्रीवरून देवमाशांचं आमंत्रण देत राहिलो. मला रडता येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, यावं.

आता बरं चाललंय माझं. रोज कुठे ना कुठे, कुणी ना कुणी मला बोलावतं. नव्या होड्या, वाढदिवस, कबुतरांचा दाणा, सगळं मी लिहितो. दुखणं नाही, खुपणं नाही. आइस्क्रीमच्या गाडीवर असलो काय आणि इंजेक्शनच्या दारावर असलो काय, मला सारखंच. पिसिला अजून छापखान्यात मला वापरते. दरवर्षी एक दिवस सुट्टी घेते आणि रंगाचा डबा घेऊन एकटीच जाते. त्या दिवशी मी संगणकात बंद असतो.

मंडळी, तुमच्याही यंत्रात मी कुठेतरी असेन. मला खुशाल वापरा. लग्नाच्या पत्रिकेवर घाला, भेळेच्या गाडीवर चढवा, बाळाच्या झबल्यावर छापा, मी नाही म्हणणार नाही. फक्त सेमीसी हे एक नाव तेवढं माझ्यात टाइप करू नका. नाहीतर तो उठेल, आणि ब्रश शोधायला लागेल.